मृगाच्या तोंडावर बियाण्याचे पैसे टेनिसच्या ‘फिक्स’ मॅचवर घालवले, तुम्ही नका घालवू

राजेहो, हे लिहायला मला लाज वाटते पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली पोरं अजून याच जाळ्यात जात आहेत म्हणून लिहितो.

गेल्या साली, म्हणजे 2025 च्या जूनमध्ये, फोनवर एका चॅनलची लिंक आली. महिला टेनिसच्या मॅचचा ‘शंभर टक्के’ अंदाज म्हणे. फ्रेंच ओपन सुरू होती. मला टेनिसमधलं काही कळत नव्हतं. पहिला अंदाज फुकट, सबालेंका झेंगला हरवणार. हरवलं. मग गॉफ कीजला हरवणार, तेही खरं. मग 499 रुपये भरले, सेमीफायनलला सबालेंका श्वियाँतेकला हरवणार. हरवलं, तिसरा सेट तर 6-0. तीनपैकी तीन! माणसाचं डोकं तिथंच फिरते.

7 जूनला फायनल, सबालेंका अन् गॉफ. मेसेज आला, ‘मॅच फिक्स आहे, सबालेंका, जेवढं आहे तेवढं लावा’. फिक्स म्हणजे निकाल आधीच ठरलेला. पैज लावायच्या साइटचा आयडीही त्यांनीच दिला, पैसे टाकायचा यूपीआय नंबरही त्यांचाच, अन् दर वेळी खातं वेगळ्याच माणसाच्या नावावर, हे तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. घरात 17 हजार होते, बीटी कापसाच्या बियाण्याच्या 10 थैल्या, 901 ला एक, अन् डीएपी खताचे 6 पोते, 1350 ला एक, एवढ्याचा हिशोब होता. तेच टाकले. संध्याकाळी साडेसहाला मॅच लागली, पहिला सेट सबालेंकाने टायब्रेकवर घेतला, मी बायकोला म्हटलं खतासोबत फवारणीचा पंपही आणू. मग पुढचे दोन सेट ती 2-6, 4-6 असे हरली. वारा होता, तिच्या 70 चुका झाल्या. फिक्सबिक्स काही नव्हतं, पोरी जीव तोडून खेळत होत्या.

दुसऱ्या दिवशी मावसभाऊ घरी आला, तोंड पडलेलं. म्हणे, ‘दादा, मी तर जिंकलो, पण पैसे निघत नाहीत.’ ओट्यावर दोघांचे फोन बाजूबाजूला ठेवले. तोच फोटो, तोच मेसेज, ‘फिक्स’ चुकीचं लिहिलेलं तेही सारखंच, फक्त माझ्यात सबालेंका अन् त्याच्यात गॉफ!

आता समजून घ्या. टेनिसमध्ये ड्रॉ नसते, दोघींपैकी एक जिंकतेच. समजा 800 जणांना मेसेज धाडले, अर्ध्यांना एक नाव, अर्ध्यांना दुसरं. जे चुकले ते सोडून द्यायचे. तीन मॅचनंतर 100 जण उरतात ज्यांना तिन्ही अंदाज खरे दिसले. मी त्या शंभरातला होतो. खऱ्या जाणकारालाही सांगता येत नाही, त्याच स्पर्धेत जगात 361 व्या नंबरच्या बॉइसनने तिसऱ्या नंबरच्या पेगुलाला घरी पाठवलं होतं, ते कोणी सांगितलं होतं?

मावसभावाने 10 हजार लावले होते, आयडीत 25 हजार दिसत होते. काढायला गेला तर ‘आधी 30 टक्के टॅक्स भरा’, बिचाऱ्याने साडेसात हजार भरले, मग ‘फाईल चार्ज’. खरा टॅक्स जिंकलेल्या रकमेतूनच कापतात, आधी कोणी मागत नाही हो. ते आकडे नुसते स्क्रीनवर होते.

मी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन केला तो तिसऱ्या दिवशी, घरी काय सांगू या भीतीने. तोवर पैसे पुढच्या खात्यात गेले होते. लगेच केला असता तर बँकेला ते कदाचित अडवता आले असते, म्हणून पैसे गेले की त्याच तासात करा अन् यूपीआयचे स्क्रीनशॉट पुसू नका. भिऊ नका, ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा आणला, त्यात शिक्षा चालवणाऱ्याला अन् जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

बियाणं शेवटी कृषी केंद्रातून उधारीवर आणलं, बायको दोन दिवस बोलली नाही. तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे नाही. चॅनलचं नाव बदललं, फोटो तोच आहे, काल पारावर बसलेल्या दोन पोरांच्या फोनमध्ये मी तो पाहिला.