उभा माऊस: मनगटासाठी मस्त, पण बॉक्सवरच्या दाव्यावर जाऊ नका

मनगट दुखायला लागलं म्हणून हा व्हर्टिकल माऊस घेतला, रोज दिवसभर वापरतेय. साध्या माऊसवर पंजा पालथा राहतो, कोपरापुढचा हात सतत पिळलेला असतो, इथे हात शेकहँडसारखा उभा राहतो आणि तो पीळ बराच कमी होतो. मनगट वर वाकवून टेबलाच्या कडेवर दाबून धरायची सवयही सुटते. सुरुवातीला कर्सर भलतीकडेच जातो, बारीक कामाला तर वैताग येतो, पण नंतर हात बसतो.

खटकलं ते हे, की बटणं बाजूला असल्यामुळे क्लिक केलं की माऊस सरकतो आणि तो अंगठ्याने धरून ठेवावा लागतो. ज्यांना अंगठ्याच्या मुळाशी दुखतं त्यांनी आधी हातात धरून बघाच. साईजही बघा, लहान पंजाला मोठा माऊस म्हणजे नवीन दुखणं.

बॉक्सवर मात्र "हातदुखीपासून मुक्ती" असं छापलंय ते मला अजिबात पटलं नाही. हातदुखीला एकच कारण कुठे असतं? तीच ती हालचाल तासन् तास, जोर लावून धरणं, मध्ये ब्रेक नाही, डेडलाईनच्या टेन्शनमध्ये खांदे कानापर्यंत चढलेले, हे सगळं एकावर एक साचत जातं, त्यात माऊस फक्त हाताची पोझिशन बदलतो. माझंच सांगते, मनगट सुधारलं पण खांदा भरून यायचा तो येतच राहिला, कारण नंबरपॅडवाल्या लांब कीबोर्डमुळे माऊस पार लांब जायचा आणि हात दिवसभर बाहेर ताणलेला. छोटा कीबोर्ड लावला, कर्सरचा स्पीड वाढवला, तेव्हा कुठे फरक पडला.

आणि मुंग्या येत असतील तर कुठल्या बोटांना येतात ते लक्षात ठेवा. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं असतील, रात्री झोपमोड होत असेल तर बहुतेक वेळा मनगटातली नस दबलेली असते, करंगळीला येत असतील तर अनेकदा कोपराकडची, आणि कधीकधी मूळ मानेतच असतं. डायबेटीस, थायरॉईड, प्रेग्नन्सी यातही मनगटातली नस दबू शकते, तिथे माऊस काय करणार? बधिरपणा जात नसेल किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या तर ऑर्डर करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

माऊसला चार स्टार, एक त्या दाव्यासाठी कापला.