मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स: पंधरा अल्बम, आठ महिने, एक जुनी गाडी

वेल्समधल्या न्यूपोर्टला नोकरी लागली तेव्हा एक सेकंडहँड गाडी घेतली. तिच्यात ब्लूटूथ नाही, सीडी प्लेअर आहे. आधीच्या मालकाची एक सीडी आतच राहिली होती, मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या वेल्श रॉक बँडचा अल्बम 'धिस इज माय ट्रुथ टेल मी युअर्स'. बाहेर काढायचं बटण बिघडलेलं, त्यामुळे तीन आठवडे येता-जाता तेच वाजत राहिलं. बटण दुरुस्त झालं तोवर सीडी काढाविशी वाटेना. मग म्हटलं, यांचे सगळेच अल्बम ऐकू, आणि तेही निघाले त्याच क्रमाने. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, या बँडच्या जुन्या सीडी ढिगाने पडलेल्या असतात, बहुतेक पाउंड-दीड पाउंडात मिळाल्या. शेवटचे दोन अल्बम तेवढे नवे घ्यावे लागले.

बँड ब्लॅकवुडचा. माझ्या घरापासून गाडीने अर्धा तास, दक्षिण वेल्सचा कोळशाचा पट्टा. चौघेही ओकडेलच्या शाळेतले. गायक-गिटारिस्ट जेम्स डीन ब्रॅडफिल्ड आणि ड्रमर शॉन मूर हे तर आते-मामे म्हणा, चुलत म्हणा, पण भाऊ, आणि एकाच घरात वाढलेले. निकी वायर बास वाजवतो. चौथा रिची एडवर्ड्‌स. 1984-85 चा खाणकामगारांचा संप फसला आणि खाणी बंद पडत गेल्या, तेव्हा ही पोरं सोळा-सतरा वर्षांची होती. बँड सुरू झाला 1986 मध्ये.

वापरायला घेण्याआधी एक गोष्ट माहीत असलेली बरी. आपल्याकडे 'आधी चाल की आधी शब्द' हा वाद जुना आहे. इथे वादच नाही, शब्द आधी. वायर आणि एडवर्ड्‌स पानंच्या पानं लिहायचे, आणि ब्रॅडफिल्ड-मूर त्यांना चाल लावायचे. लिहिणाऱ्यांनी मीटरची पर्वा केलेली नसते. त्यामुळे ब्रॅडफिल्ड एका श्वासात अर्धा निबंध कोंबतो, भलत्याच अक्षरावर जोर देतो, कधी शब्द मधेच तोडतो. पहिले दोन महिने याचा मला वैताग आला. आता दुसऱ्या कुणाचं गाणं ऐकलं की शब्द फार सोयीस्कर बसलेत असं वाटतं.

पहिला अल्बम 'जनरेशन टेररिस्ट्स', 1992. एकूण अठरा गाणी. हा एक अल्बम काढू, एक कोटी साठ लाख प्रती खपवू आणि बँड मोडून टाकू, अशी घोषणा त्यांनी आधीच केली होती. प्रती तेवढ्या खपल्या नाहीत, बँडही मोडला नाही. अठरातली सहा-सात गाणी काढून टाकली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण 'मोटरसायकल एम्प्टीनेस'ची गिटार सुरू झाली की मी अजूनही आवाज वाढवतो. पुढच्या वर्षीचा 'गोल्ड अगेन्स्ट द सोल' गुळगुळीत आहे. गाडी धुताना लावायला ठीक.

मग 1994 चा 'द होली बायबल'. याबद्दल स्पष्टच सांगतो, गाडीत ऐकू नका. कार्डिफमधल्या एका साध्या, स्वस्त स्टुडिओत केलेला हा अल्बम, आणि त्यातले बहुतेक शब्द रिचीचे. छळछावण्या, फाशीची शिक्षा, स्वतःला उपाशी ठेवणारी मुलगी. मुखपृष्ठावर चित्रकार जेनी सॅव्हिलचं चित्र. संगीत असं आवळलेलं की मोटरवेवर माझा वेग नकळत वाढला होता. घरी, दिवसाउजेडी, कुणीतरी सोबत असताना ऐकला तेव्हा कळलं की हा त्यांचा सर्वांत नेटका अल्बम आहे. त्या जूनमध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात यातलं 'फास्टर' वाजवताना ब्रॅडफिल्डने तोंडावर बॅलक्लाव्हा, म्हणजे चेहरा झाकणारी टोपी, चढवली होती आणि बीबीसीकडे तक्रारींचा पाऊस पडला. ते चित्रीकरण जरूर पाहा. त्या कार्यक्रमात इतकं रागावलेलं कुणी मी दुसरं पाहिलेलं नाही.

1 फेब्रुवारी 1995 ला रिची लंडनच्या हॉटेलातून बाहेर पडला आणि पुन्हा कुणाला भेटला नाही. त्या दिवशी तो आणि ब्रॅडफिल्ड अमेरिकेला निघणार होते. दोन आठवड्यांनी त्याची गाडी सेव्हर्न पुलाजवळच्या सर्व्हिस स्टेशनवर मिळाली. 2008 मध्ये कायद्याने त्याला मृत मानण्यात आलं. मी ब्रिस्टलला जाताना कधीकधी त्या जुन्या पुलावरून जातो. तिथे थांबून फोटो काढणारे चाहते असतात म्हणे, मला ते जमलं नाही. या बँडबद्दल लिहिणारा जो तो याच प्रसंगापासून सुरुवात करतो, आणि नवा ऐकणारा तिथेच अडकतो. माझी तक्रार बँडबद्दल नाही, या लिहिणाऱ्यांबद्दल आहे. कारण त्यानंतरचे बारा अल्बम उरलेल्या तिघांनी काढलेत. एकही माणूस बदलला नाही, स्टुडिओत रिचीच्या जागी दुसरा कुणी आणला नाही, आणि त्याचा पैशाचा वाटा कितीतरी वर्षं बाजूला काढून ठेवला.

1996 चा 'एव्हरीथिंग मस्ट गो' हा नवख्याने पहिल्यांदा घ्यायचा अल्बम. यातल्या पाच गाण्यांत अजून रिचीचे शब्द आहेत. 'केविन कार्टर' या गाण्यात मधेच जी ट्रम्पेट वाजते ती ड्रमर शॉन मूरची. आणि 'अ डिझाइन फॉर लाइफ'! कामगारवर्गाचं गाणं, तेही वॉल्ट्झ या नाचाच्या तालात, व्हायोलिनांच्या ताफ्यासह. सुरुवात वाचनालयांपासून होते. न्यूपोर्टच्या पिलग्वेन्लीतल्या जुन्या वाचनालयाच्या दारावर 'ज्ञान हीच शक्ती' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली होती, ती ओळ तिथून सुचली. वाण्याच्या दुकानाला मी त्याच भागात जातो. 2009 मध्ये कार्डिफचं नवं मध्यवर्ती वाचनालय उघडलं तेव्हा उद्घाटनाला याच तिघांना बोलावलं होतं. रॉक बँडच्या हस्ते वाचनालयाचं उद्घाटन! मला तर त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा हे मोठं वाटतं.

आता माझ्या गाडीत अडकलेला अल्बम, 1998 चा. त्याचं नाव अन्युरिन बेव्हनच्या वाक्यातून घेतलंय. ज्याने 1948 मध्ये इथली सरकारी आरोग्यसेवा उभी केली तो बेव्हन जवळच्याच ट्रेडेगारचा, स्वतः खाणीत राबलेला. 'इफ यू टॉलरेट धिस युअर चिल्ड्रन विल बी नेक्स्ट' हे गाणं स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेलेल्या वेल्श स्वयंसेवकांवर आहे. असल्या विषयावरचं, एवढ्या लांब नावाचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पण मी सारखा परत जातो ते 'रेडी फॉर ड्राउनिंग'कडे. त्यात उत्तर वेल्समधल्या ट्रिवेरिनच्या खोऱ्याची सावली आहे. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून 1965 मध्ये तिथलं कॅपेल केलिन गाव बुडवलं, शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर सगळ्यासकट. आमचं आजोळचं जुनं गाव कोयनेच्या शिवसागरात आहे. आजी उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर जाऊन देवळाचा कळस दिसतो का बघायची. हे गाणं काय आहे ते मी शोधून काढलं त्या रात्री आईला फोन केला होता, ती म्हणाली, "तिकडंपण?"

यानंतर गुणवत्ता वरखाली होते. 'नो युअर एनिमी' (2001) त्यांनी थेट हवानात, कार्ल मार्क्स थिएटरात सादर केला आणि समोर फिडेल कॅस्ट्रो बसला होता. आवाज मोठा असेल असं त्याला सांगितलं, तर युद्धाहून मोठा तर नसेल ना, असं तो म्हणाला. किस्सा अल्बमपेक्षा चांगला आहे. सोळा गाणी, नुसती खिचडी. घ्यायचाच तर 2022 ची आवृत्ती घ्या. त्यात मूळ बेताप्रमाणे त्याचे दोन वेगळे अल्बम केलेत आणि अचानक सगळं जागेवर बसतं. 'लाइफब्लड' (2004) तेव्हा लोकांनी नाकारला होता. पावसात, संध्याकाळी, गाडीत एकटं असताना मला तो फार आवडला. 2010 चा 'पोस्टकार्ड्स' मात्र मी दोनदाच ऐकला आणि परत चॅरिटी शॉपला देऊन टाकला.

'जर्नल फॉर प्लेग लव्हर्स' (2009) मी मुद्दाम पुढे ढकलत होतो. जाण्याच्या काही आठवडे आधी रिचीने एक वही वायरला दिली होती. चौदा वर्षं ती तशीच राहिली, आणि मग त्यांनी फक्त तिच्यातल्याच शब्दांवर अख्खा अल्बम केला. मला वाटलं होतं श्राद्धासारखं काहीतरी असेल. पण नाही, त्यात चक्क विनोद आहे, रॉक आहे, आणि पुन्हा ते मीटरमध्ये न बसणारे शब्द. शेवटचं गाणं वायर स्वतः गातो, जसं जमेल तसं, आणि ते तसंच ठेवलंय.

'फ्यूचरॉलॉजी' (2014) बर्लिनचा थंड, यंत्रासारखा, उत्कृष्ट. 'द अल्ट्रा व्हिव्हिड लॅमेंट' (2021) मुख्यतः पियानोवर बांधलाय, आणि तेवीस वर्षांनी त्यांचा अल्बम पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. 2025 च्या 'क्रिटिकल थिंकिंग'बद्दल अजून मत झालेलं नाही. तो प्लेअरमध्ये आहे. बटण पुन्हा कुरकुर करायला लागलंय, पण या वेळी घाई नाही.