लायपोसक्शनला नऊ महिने झाले: "किती लिटर काढलं?" याचं सविस्तर उत्तर

नऊ महिने झाले माझ्या लायपोला, म्हणजे त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढायच्या ऑपरेशनला. पोट, कंबर आणि मांड्यांची बाहेरची बाजू, असं एकाच वेळी केलं. आधी मुद्दाम लिहिलं नाही कारण पहिले तीन-चार महिने सूजच असते, आणि सुजेवर रिव्ह्यू लिहिणं म्हणजे वाचणाऱ्यांची फसवणूक. आता सगळं बऱ्यापैकी जागेवर बसलंय म्हणून लिहितेय, आणि जास्त करून त्या लिटरच्या आकड्याबद्दलच लिहिणारे, कारण जी भेटते ती पहिलं हेच विचारते, किती लिटर काढलं गं?

तर माझं एकूण 4.2 लिटर काढलं आणि त्यात नुसती चरबी साधारण 3 लिटर होती. हे दोन आकडे वेगळे असतात हेच मला ऑपरेशन ठरेपर्यंत माहीत नव्हतं. नंतर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला बरणीचा फोटो दाखवला, वर थिजत आलेल्या तुपासारखा पिवळा जाड थर आणि खाली लालसर पाणी. वरचा थर म्हणजे चरबी, खालचं म्हणजे आधी आत सोडलेलं औषधी पाणी आणि त्यात थोडं रक्त. कुणी "5 लिटर काढले" म्हणालं की आता मी लगेच विचारते, बरणीतलं सगळं मिळून का नुसता वरचा थर?

माझी माहिती देते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. वय 41, उंची 158 सेंमी, वजन तेव्हा 74, दोन सिझर झालेले, राहायला सांगली. पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेले (नाव लिहीत नाही) तिथे एक काउन्सेलर मुलगी होती, तिने माझं पोट नुसतं बघून सांगितलं की आठ लिटर तरी निघेल, पोट-कंबर-मांड्या-दंड सगळं एका दिवसात, सकाळी या आणि संध्याकाळी घरी जा. मी खरंच खूश झाले होते, दहा हजार टोकन भरून आले. ऑपरेशन कोण करणार विचारलं तर "आमची डॉक्टरांची टीम आहे" एवढंच, नाव नाही, डिग्री नाही, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ असणार का तेही नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं अंगातून आठ लिटर काढणार आणि रात्री घरी पाठवणार? रक्ताची एक बाटली दिली तरी आपल्याला अर्धा तास बसवून ठेवतात. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. टोकन परत मिळालं नाही, अजूनही नाही.

मग ओळखीतून पुण्यातल्या प्लास्टिक सर्जन मॅडमकडे गेले, एमसीएच प्लास्टिक सर्जरी (एमएसच्याही पुढची डिग्री), रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासून घेतला. त्यांनी पोट दाबून बघितलं, हर्निया नाही ना म्हणून सोनोग्राफी सांगितली (सिझरच्या जागी हर्निया असला आणि लक्षात आला नाही तर ती नळी आतड्याला लागू शकते), आणि म्हणाल्या, "ताई, एका वेळी सगळं मिळून पाच लिटरच्या वर मी जात नाही, आणि तुमच्या बाबतीत त्याच्याही आधी थांबेन. दंड यात घेणार नाही." मला राग आला हो. वाटलं दुसऱ्या वेळी परत पैसे घ्यायचेत म्हणून असं करतायत. तोंडावर तसं म्हणालेही. त्या चिडल्या नाहीत, पॅडवर हिशोब मांडला, तो कागद माझ्या फाइलमध्ये अजून आहे.

हिशोब असा. चरबी ओढायच्या आधी आत सलाइन सोडतात, त्यात लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध) आणि अॅड्रिनलिन असतं. ही पद्धत क्लाइन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 1987 मध्ये मांडली. अॅड्रिनलिनने रक्तवाहिन्या आकसतात. त्याआधी कोरडंच ओढायचे तेव्हा बाहेर येणाऱ्या ऐवजात पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त रक्तच असायचं, आता एखाद टक्का. पण लिग्नोकेनला मर्यादा आहे, या पद्धतीत किलोमागे 35 मिलिग्रॅम ही नेहमी धरतात ती. माझे 74 किलो गुणिले 35 म्हणजे 2590 मिलिग्रॅम. एका लिटर पाण्यात 500 घातलं तर पाच लिटरलाच 2500 झालं, म्हणजे पाच लिटर पाण्यातच माझी हद्द जवळपास संपली. आणि साधारण जेवढं पाणी आत तेवढाच ऐवज बाहेर असा त्यांचा अंदाज असतो, मग आठ लिटर काढायचे तर एकतर औषध जास्त जाणार नाहीतर कोरडं ओढून रक्त जाणार. शिवाय आत सोडलेलं पाणी सगळं बाहेर येत नाही, बरंचसं आतच राहून हळूहळू रक्तात उतरतं, ते जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं. जितकी जास्त जागा खरवडली तितका रक्ताची गाठ फुप्फुसात जाण्याचा धोका, चरबीचे कण रक्तात जाण्याचा धोका, अंग थंड पडण्याचा धोका. पाच लिटर ही काही लक्ष्मणरेषा नाही की 4.9 ला सगळं ठीक आणि 5.1 ला संकट, पण अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांची संघटनासुद्धा पाचच्या वर गेलं की ते मोठं ऑपरेशन धरते, चांगल्या सोयीच्या हॉस्पिटलमध्येच करा आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवा म्हणते. फ्लोरिडात क्लिनिकमध्ये करायचं असेल तर नुसती चरबी 4 लिटरपर्यंतच, आणि सोबत दुसरं ऑपरेशन असेल तर फक्त 1 लिटर. म्हणजे टमी टक (पोटाची सैल कातडी कापून काढायचं ऑपरेशन) आणि लायपो एकत्र करणाऱ्यांना तर अजून कमी.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वेळेने. या पाण्यातलं लिग्नोकेन रक्तात सगळ्यात जास्त कधी चढतं, तर सोडल्यावर साधारण 10 ते 14 तासांनी. सकाळी नऊला माझं सुरू झालं, म्हणजे रात्री सात ते अकरा. पहिल्या क्लिनिकच्या पॅकेजप्रमाणे संध्याकाळी सहाला सोडलं असतं तर त्या वेळी मी पुण्याहून सांगलीच्या गाडीत कराडच्या आसपास असते, शेजारी नवरा, बास. प्रत्यक्षात मी हॉस्पिटलमध्ये होते आणि सिस्टर दर तासाला येऊन ओठांभोवती मुंग्या येतात का, कानात आवाज येतो का, तोंडाला लोखंडासारखी चव येते का (लिग्नोकेन जास्त झाल्याची ही लक्षणं) विचारत होत्या आणि लघवीच्या पिशवीतलं माप लिहून घेत होत्या. मला वैताग आला होता झोपमोडीचा. आज त्या सिस्टरचे पाय धरावेसे वाटतात.

हां, ऑपरेशन लगेच नाही झालं. हिमोग्लोबिन 10.6 निघालं, मॅडम म्हणाल्या आधी हे वाढवा. सहा आठवडे लोहाच्या गोळ्या, खजूर, पालेभाज्या, मग 12 झालं तेव्हा तारीख दिली. आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि किती ठिकाणी ते न बघताच ऑपरेशन उरकतात देव जाणे.

नंतरचं थोडक्यात. पहिले दोन दिवस छोट्या छिद्रांतून गुलाबी पाणी गळतं, गादीवर प्लास्टिक आणि जुन्या चादरी ठेवा, घाबरू नका. त्याच रात्री उठवून चालवलं, दुखलं, पण पायात गाठ होऊ नये म्हणून ते लागतंच. चौथ्या दिवशी वजन केलं तर 76! मी रडले चक्क. ते सगळं पाणी आणि सूज. कॉम्प्रेशनचा (घट्ट दाबून धरणारा) पट्टा सहा आठवडे, त्यातले पहिले तीन आठवडे दिवसरात्र, एप्रिलच्या उकाड्यात नुसता छळ, पण माझा एकदा कमरेत दुमडला गेला आणि मी आळसाने नीट केला नाही तर तिथे वळ दोन महिने राहिला. उजव्या मांडीवर एक हलका खड्डा आहे, हात फिरवला की कळतो, डोळ्याला नाही दिसत. पोटाची त्वचा चार महिने बधिर होती, आता बेंबीखाली थोडीच उरलीय.

कंबर 38 इंचाची 34 झाली, पंजाबी ड्रेस सरळ पडतो, मी समाधानी आहे. वजन? एक लिटर चरबी म्हणजे साधारण 900 ग्रॅम, म्हणजे माझी तीन लिटर पावणेतीन किलो सुद्धा नाही. आज 70 आहे त्यातलं बाकीचं रोजच्या चालण्याचं. दहा किलो उतरवायला लायपो करायला निघाला असाल तर तो मार्गच चुकीचा आहे, आणि आतड्यांभोवतीची आतली चरबी तर यात निघतच नाही. खर्च मला तपासण्यांसकट 1 लाख 70 हजार आला, कॉस्मेटिक असल्याने मेडिक्लेममध्ये बसलं नाही.

ओळखीतल्या एकीने सात लिटरच्या वर एका दिवसात करून घेतलं, दुसऱ्याच एका क्लिनिकमध्ये. दुसऱ्या दिवशी धाप लागली, चार दिवस आयसीयू. वाचली. तिला भेटायला गेले तेव्हा तिच्या फाइलमध्ये किती पाणी आत सोडलं याची नोंदच सापडत नव्हती, आणि आयसीयूचे डॉक्टर तेच शोधत होते. म्हणून सांगते, डिस्चार्ज पेपरवर किती सोडलं, किती काढलं, त्यात चरबी किती, लिग्नोकेन किती, हे चारही आकडे लिहून घ्या. माझ्या पेपरवर आहेत: 4.5 लिटर, 4.2 लिटर, 3 लिटर, 2250 मिलिग्रॅम.

दंडांचं अजून केलेलं नाही. मॅडम म्हणाल्या सहा महिन्यांनंतर कधीही या, आता नऊ झाले. पुढच्या महिन्यात परत हिमोग्लोबिन करून बघते, मग ठरवू.