आठ महिन्यांचा ओटीजी आणि ‘बिस्किट’ म्हणून झालेला पाव

मार्चात कापसाचे शेवटचे पैसे हाती आले आणि मी हट्टानं ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, घेतला. 28 लिटरचा, 1500 वॅटचा. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत. घरची बिस्किटं पाहिजेत तर तालुक्याच्या भट्टीवर जावं लागतं. कणीक, साखर, डालडा पिशवीत बांधायचा, रिकामा टिनाचा डबा काखेत धरायचा आणि एसटी पकडायची. भट्टीवाला मळून, साच्यातून पाडून, भाजून देतो आणि किलोमागे मजुरी घेतो. दिवाळीच्या तोंडावर नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस वाचावा एवढाच माझा हिशेब होता. आठ महिने झाले, जसं झालं तसं लिहिते.

खोकं उघडलं तर प्लग जाड पिनांचा. स्वयंपाकघरातल्या बोर्डात बसेचना. 16 अँपिअरचा पॉइंट आमच्या घरी एकच, पाण्याच्या मोटरचा, तोही न्हाणीशेजारी. म्हणून पहिला आठवडा ओटीजी पडवीत स्टुलावर, आणि येणारी-जाणारी बाई विचारणार, “नवा टीव्ही काय वं?” शेवटी वायरमनकडून आत वेगळा पॉइंट काढून घेतला. घेणाऱ्यांनी हा खर्च आधीच धरावा. पहिल्यांदा रिकामाच पंधरा मिनिटं तापवा, रॉडवरचं जळून थोडा धूर येतो, घाबरू नका.

पुस्तिकेत लिहिलंय 180 डिग्रीवर 15 मिनिटं. ते पूर्ण व्होल्टेजचं गणित. आमच्याकडे एप्रिलच्या संध्याकाळी घरोघरचे कूलर सुरू झाले की फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा 180 दिसतो. पुतण्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकतोय, त्यानं पाटीवर मांडून दाखवलं: रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं पडते. 230 चे 180 झाले की 1500 वॅटचा ओटीजी जेमतेम 920 वॅटचा उरतो. म्हणजे माझी बिस्किटं पांढरीफटक राहायची त्यात माझ्या हाताचा दोष नव्हता. तेव्हापासून मी पहाटे पाचला भाजते. आकडा 225 च्या खाली नसतो आणि घरात गरमीही होत नाही.

एकदा आठव्या मिनिटाला लाईट गेली. तूप वितळलेलं, पीठ अजून धरलेलं नाही. ट्रेमधली सोळाही बिस्किटं एकमेकांत शिरून एक चौकोनी पोळी झाली. मी सुरीनं वड्या पाडल्या. पोरांनी त्या सगळ्यात आधी संपवल्या, ते सोडा.

आता मुख्य गोष्ट. मशीन शिकायला महिना लागला, पण जास्त घोटाळा नावांनी केला. मोबाईलवर ‘बटरमिल्क बिस्किट’ नावाची कृती दिसली. बटरमिल्क म्हणजे ताक, ताक घरचं, मग अडचण काय? मैदा, थंड लोणी, सोडा, मीठ आणि ताक. साखरेचं नाव नाही. मला वाटलं कृती सांगणारी बाई साखर सांगायची विसरली असेल. विसरली नव्हती. दार उघडलं तर आत फुगलेले, मऊ, खारट गोळे. सासूबाईंनी एक उचलून दाबला.

“हे बिस्कुट होय काय वं? हा तं पाव हाय. चहात बुडवला तं चहाच पिऊन टाकीन हा.” मग जराशानं, “वांग्याची भाजी हाय काय उरलेली? तिच्यासंग दे.”

त्यांना अमेरिकेचं काही ठाऊक नाही, पण बोलल्या ते बरोबर. अमेरिकेत बिस्किट म्हणतात ते हेच, आणि ते घट्ट रश्शाबरोबरही खातात. आपण ज्याला बिस्किट म्हणतो त्याला तिकडे कुकी. कुकी हा शब्द डच भाषेतला, अर्थ छोटा केक. आपल्याकडे नाव इंग्रजांचं आलं, म्हणून बिस्किट. त्या शब्दाचं लॅटिन मूळ ‘दोनदा भाजलेलं’ असं आहे. तसं पाहिलं तर बिस्किट या नावावर खरा हक्क टोस्टचा, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं टोस म्हणतात. आधी पाव भाजायचा, मग त्याच्या चकत्या करून पुन्हा भाजायच्या. पार्ले, मारी ही एकदाच भाजलेली मंडळी.

म्हणून आता मी कृतीचं नाव वाचतच नाही. पीठ किती, साखर किती, तूप किती तेवढं बघते. पिठाच्या निम्मी साखर, निम्मं तूप आणि पाण्याचा थेंब नाही, तर ते आपलं बिस्किट. ताक-दूध जास्त असेल तर ते पावाकडे जाणार, वर नाव काहीही असो.

गावातल्या दुकानात तर नावांचा आणखीच गोंधळ. कोणत्याही ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्याला ‘पार्ले’. मुंबईच्या विलेपार्ल्यावरून पडलेलं नाव, पण मागणाऱ्या आजोबांनी मुंबई पाहिलेली नाही. मारी म्हणजे आजाऱ्याचं बिस्किट, ताप आला की मारी. ते 1874 साली लंडनमध्ये एका रशियन राजकन्येच्या लग्नानिमित्त निघालं, मारिया तिचं नाव. आमच्याकडे मात्र लग्नात कुणी मारी ठेवणार नाही, पाहुणा विचारील, घरात कोण आजारी हाय? पुतण्याचा मोठा भाऊ हैदराबादला असतो, तो उस्मानिया आणतो. शेवटच्या निजामाचं नाव त्याला. सासूबाई त्याला ‘खारंगोड’ म्हणतात, आणि चव अगदी तशीच आहे. वऱ्हाड 1853 साली इंग्रजांच्या ताब्यात गेला तरी कागदोपत्री निजामाचाच राहिला, 1936 पासून त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, म्हणत. म्हणून मी म्हणते, त्या बिस्किटावर थोडा हक्क आमचाही.

सगळ्यात जास्त केली ती नानकटाई. पुण्याची जाऊ नानखटाई म्हणते आणि मला दरवेळी दुरुस्त करते. मी तरीही नानकटाईच म्हणते. माझं प्रमाण असं: मैदा अर्धा किलो, पिठीसाखर पाव किलो, तूप पाव किलोला थोडं वर, मूठभर बेसन, चिमूट सोडा, विलायची. तूप रवाळ, थिजलेलं पाहिजे. साखरेबरोबर ते हलकं पांढरं होईस्तोवर फेसायचं, त्यात हवा धरते आणि तीच बिस्किट खुसखुशीत करते. पण मे महिन्यात बरणीतलं तूप पाण्यासारखं हिंदकळत असतं. बाहेर 45 डिग्री. फेसणार काय? मे महिन्यातली माझी नानकटाई ट्रेवर पसरून पापडासारखी झाली. उपाय सोपा निघाला: तूप अर्धा तास फ्रिजमध्ये, वळलेले गोळेही पुन्हा वीस मिनिटं फ्रिजमध्ये, मग तापलेल्या ओटीजीत. गोळ्यावर बोटानं खड्डा करून चारोळी दाबते. भेग नीट चार बाजूंनी पडली की समजायचं, जमली.

ज्वारीची करून पाहिली, कारण घरात ज्वारी आहे. नुसत्या ज्वारीची उचलताच चुरा होतात, तिच्यात चिकटपणा नाही. तिसरा हिस्सा कणीक घातली तर टिकतात. काळ्या गुळाची जास्त चांगली लागतात.

भट्टीसारखा कुरकुरीतपणा येईना म्हणून बेकरीतून अमोनियाची पुडी आणली. भट्टीवाले तीच वापरतात. गरम झाली की तिचा पूर्ण वायू होतो आणि बिस्किट फुलवून निघून जातो. पण बिस्किट पातळ असेल तरच. माझी होती बोटभर जाड. दार उघडलं आणि डोळ्यांतून पाणी, मांजर घराबाहेर. वास आत अडकला तो अडकलाच, सगळा ट्रे गाईलासुद्धा दिला नाही. छोट्या स्वयंपाकघरात या भानगडीत पडू नका.

जुलैत बिस्किटं सादळली. प्लास्टिकच्या डब्यात दोन दिवसांत मऊ. जुना टिनाचा डबा, तळाशी कागद आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण, असं केलं तर पंधरा दिवस राहतात. मऊ पडलेली 120 डिग्रीवर आठ मिनिटं ठेवली की परत कुरकुरतात. या एका कामाला ओटीजी भट्टीपेक्षा खरंच सरस.

तक्रारी दोन. मागचा कोपरा जास्त तापतो, म्हणून मधेच ट्रे फिरवावा लागतो. आणि टायमरची चावी पाचव्या महिन्यात अडकली. कंपनीनं सांगितलं, मशीन नागपूरला घेऊन या. बिस्किटाच्या मशीनसाठी नागपूर! मोबाईलवर गजर लावते आणि बटन हातानं बंद करते. विजेचं म्हणाल तर तापवण्यासकट एका ट्रेला चाळीस मिनिटं धरली तरी एक युनिटच्या वर जात नाही.

दिवाळीला मात्र हिशेब उलटला. एक किलो कणकेची ऐंशीएक बिस्किटं होतात, माझ्या ट्रेवर सोळा बसतात. पाच फेऱ्या, दोन तास. आम्हाला लागतात पाच किलोची, सालदाराच्या घरी, बहिणीकडे, सगळीकडे द्यायला. सासूबाईंनी काही न बोलता डबा पुसून दारात ठेवला. भट्टीवर आमचा नंबर सव्विसावा होता. मी घरून पहाटे भाजलेली नानकटाई सोबत नेली होती, ती रांगेतल्या बायांनी खाल्ली आणि चौघींनी ओटीजीची किंमत विचारली. एकीनं विचारलं, मोटरच्या पॉइंटवर चालते काय.