अंधारात उडणारं सीप्लेन आणि आमचे ३,५१,४०० रुपये

मालदीवच्या बनावट पॅकेजपायी एका ट्रॅव्हल एजंटाकडे गेले ते एकूण ३,५१,४०० रुपये. चार हप्त्यांत गेले: २५,००० 'ब्लॉकिंग'चे, १,९२,००० विमानाचे, ९६,००० सीप्लेनचे, म्हणजे बेटावर नेणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे, आणि ३८,४०० 'ग्रीन टॅक्स'चे, म्हणजे तिथल्या पर्यटक कराचे. पॅकेज ४,७५,००० चं होतं, उरलेले १,२३,६०० रिसॉर्टवर पोचल्यावर द्यायचे होते. "तेवढे तरी वाचले ना," असं नातेवाईक समजूत घालायला म्हणतात. ऐकून डोकं फिरतं.

मुलीच्या पदवीची सहल. पाच माणसं, मालदीव, चार रात्री, जूनचा पहिला आठवडा. गोंयकाराला समुद्र बघायला मालदीव कशाला, हे शेजारपाजारच्यांनी विचारून झालंय, पुन्हा नको. दुसरी लाज त्याहून मोठी आहे. आमच्या गोव्यात हणजुणे-कळंगुटच्या किनाऱ्यांवर बाहेरची कुटुंबं बॅगा ओढत, अस्तित्वातच नसलेला व्हिला शोधत फिरतात. आपण वर्षानुवर्षं बघतो आणि हसतो. फोटोला भुलले, आगाऊ पैसे पाठवले, चौकशी केली नाही. आम्हीही हसलोय. आता बोला.

असल्या धंद्याची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. आधी इन्स्टाग्राम, मग व्हॉट्सअॅप, मग रिसॉर्टच्या लेटरहेडवरचं व्हाउचर. ते उगाळत नाही. पण आम्ही अगदीच डोळे मिटून पैसे दिले, असंही कुणी म्हणू नये. एजंट पणजीत समोरासमोर भेटला. कोकणीत बोलला, "टेन्शन घेवं नाका" म्हणाला. बिल दिलं, बिलावर जीएसटी क्रमांक होता. दर एवढा स्वस्त कसा, हेही विचारलं होतं. जून म्हणजे तिकडचा पावसाळा, असं उत्तर आलं आणि ते खोटं नव्हतं. मे ते ऑक्टोबर मालदीवचे दर खरंच उतरतात. खोट्यात असं थोडं खरं मिसळलेलं असलं की पटतं.

आता तो कागद. प्रवासपत्रकावर ठळक अक्षरात होतं: माले आगमन १७:२५, सीप्लेन १८:४५. पाचही जणांनी वाचलं. आजीला तर मोठ्याने वाचून दाखवलं.

सीप्लेन फक्त उजेडात उडतं. पाण्यावर धावपट्टीचे दिवे नसतात. लाटा, प्रवाळ, वाटेतल्या बोटी हे सगळं डोळ्यांनी बघून वैमानिक ते उतरवतो. मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीत, जूनमध्ये सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून साधारण दुपारी साडेतीननंतर मालेत उतरणाऱ्यांना रिसॉर्ट आधीच सांगतं, रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर काढा, सकाळी न्यायला येतो. नाहीतर स्पीडबोटीने पोचता येईल असं जवळचं बेट निवडा. विमान आणि सीप्लेनच्या वेळा जुळवणं हे मालदीवचं बुकिंग करणाऱ्याचं पहिलं काम. ज्याने १८:४५ लिहिलं त्याने तिथलं एकही खरं बुकिंग कधी केलेलं नसणार. दिवाडी बेटावर लग्नाला जाताना शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते हे विचारल्याशिवाय आपण घरातून पाऊल टाकत नाही. इथे लाखाच्या व्यवहारात ते सुचलं नाही. रात्री जाग येते ती या एका ओळीने.

बाकीच्या खुणाही त्याच कागदावर होत्या. सीप्लेनचे ९६,००० म्हणजे माणशी १९,२०० जाऊन-येऊन. खरा दर माणशी साधारण चारशे डॉलर आणि त्याच्या वर जातो. इतक्या स्वस्तात कुठलंही रिसॉर्ट ते देत नाही. ग्रीन टॅक्स रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर आहे, २०२५ च्या १ जानेवारीपासून. आधी ६ होता. पाच माणसं, चार रात्री, २४० डॉलर, म्हणजे रुपयांत वीस-एकवीस हजार. आमच्याकडून घेतले ३८,४००. शिवाय हा कर रिसॉर्ट स्वतः बिलात लावतं, एजंटाच्या बचत खात्यावर आगाऊ पाठवायचा नसतो. एका वॉटर व्हिलात, म्हणजे पाण्यावर बांधलेल्या घरात, पाच जण लिहिले होते. तिथे बहुतेक वॉटर व्हिलांत दोन, फार तर तीन मोठी माणसं घेतात, पाच जणांना दोन खोल्या किंवा मोठा बीच व्हिला लागतो.

आणि फेणी. "काजूची एक बाटली घेऊन चला, तिथे कुणी विचारत नाही," असं तो म्हणाला होता. मालदीवमध्ये पर्यटकाला बाहेरून दारू नेताच येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. मिळते ती रिसॉर्टच्या बारमध्ये. ज्याला हेसुद्धा माहीत नाही तो कसला एजंट? पण गोव्यात फेणीवर कुणी संशय घेतो का.

हाव झाली ती टीसीएसच्या जागी, हे कबूल करायला हवं. टीसीएस म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा प्राप्तिकर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या वेळी ५ टक्के टीसीएस होता, आमच्या रकमेवर २३,७५०. एजंट म्हणाला, "तो मी वाचवून देतो, पॅन नको, बिल अर्ध्याचंच करतो." आम्ही खूश. टीसीएस बुडत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, प्राप्तिकर खात्याच्या करजमेच्या पत्रकात दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो. आपलेच पैसे आपल्याला वाचवून देतो म्हणणाऱ्याला आम्ही वर चहा पाजला. पॅन न मागणारा परदेश सहलीचा विक्रेता दिसला की तिथूनच परत फिरा.

बिलावरचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७. पत्ता पणजीचा आणि सुरुवात २७ ने, म्हणजे तिथेच विचारायला हवं होतं. पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यातलं चौथं, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर बघा. 'पी' असेल तर एकटा माणूस, 'सी' कंपनी, 'एफ' भागीदारी. आमच्या बिलावर नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर 'पी'. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली. अर्ध्या मिनिटाचं काम, पैसे गेल्यावर केलं. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली ट्रॅव्हल एजंटांना नोंदणी लागते. तो दाखला मागा आणि दाखल्यावरचं नाव बँक खात्यावरच्या नावाशी ताडून बघा. एनईएफटी करताना आता खातेदाराचं नाव दाखवतात, ते डोळे उघडून वाचा. आम्हाला भलत्याच माणसाचं नाव दिसलं होतं. "तो आमचा अकाउंटंट," असं उत्तर मिळालं.

विमानाचा सहा अक्षरी पीएनआर खरा होता. कंपनीच्या संकेतस्थळावर आमची पाच नावंही दिसली. पण जागा अडवून ठेवणं वेगळं आणि तिकीट काढणं वेगळं. 'होल्ड'वर ठेवलेलं बुकिंग मुदत संपली की आपोआप गळतं. पीएनआर मिळाल्यावर एकदा बघून समाधान मानू नका, चार दिवसांनी पुन्हा बघा, आणि पैसे भरल्याची स्थिती दिसते का ते बघा.

बिंग फुटलं ते पाचव्या मागणीला: पाच जणांचं 'व्हिसा शुल्क' १२,५००. मुलगी म्हणाली, भारतीयांना मालदीवचा व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. 'इमुगा' नावाचा एक ऑनलाइन फॉर्म भरायचा, प्रवासाआधी ९६ तासांच्या आत, तोही फुकट. मग रिसॉर्टच्या खऱ्या पत्त्यावर ईमेल केला. व्हाउचरवरच्या नव्हे, तो खऱ्या पत्त्यात एक आडवी रेघ घालून बनवलेला होता. चार तासांत उत्तर आलं: या क्रमांकाचं बुकिंग आमच्याकडे नाही. हाच ईमेल पहिल्या २५,००० आधी केला असता तर? मुलगी बोलली नाही, पण तिच्या तोंडावर हेच होतं.

आणि मग सुरू झाली सरकारी यात्रा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. शेवटच्या हप्त्यातले ११,२०० एका खात्यात गोठवले गेले. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा, असं आम्हाला सांगितलं. पोलीस स्थानकात गेलो तर "ऑनलाइन पैसे दिलेत, सायबरकडे जा". तिकडे "माणूस समोर भेटलाय ना, मग ही साधी फसवणूक, तुमच्या स्थानकात जा". दोन्हीकडे मिळून पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीला एक साहेब म्हणाले, हा दिवाणी मामला वाटतो, वकील गाठा. चौथ्या फेरीला जेवायची सुट्टी. पाचव्या फेरीला, "गोव्यात राहून मालदीवला कशाला चालला होतात?" हे सरकारी खुर्चीवर बसून! बँकेच्या शाखेत कळलं की ओटीपी तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक परस्पर गेलेल्या पैशांसाठी होतं, स्वतः पाठवलेल्यांसाठी नव्हतं, हे खरंय. पण ते सांगताना हसायची काय गरज होती? आणखी एका कचेरीत सगळ्यांवर कडी: "तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही, मग कारवाई कुणावर करणार?"

म्हणून तुम्हाला सांगतो, तोंडी जाऊ नका. लेखी तक्रार न्या, दोन प्रती, एकीवर शिक्का घ्या. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) त्यात लिहा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. नकार दिला तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, पोच सांभाळा. अधीक्षकांकडे पत्र गेल्यावर आठव्या दिवशी आमचा गुन्हा नोंद झाला. व्हॉट्सअॅपचे संदेश पुसू नका, आमच्या घरी रागाच्या भरात अर्धे पुसले गेले. आणि रिसॉर्टला थेट क्रेडिट कार्डाने पैसे भरता येत असतील तर तसेच भरा. कार्डावर निदान वाद उठवता येतो, बचत खात्यातून गेलेल्या रकमेला ती वाट नाही.

सध्या ११,२०० गोठलेले आहेत, संशयिताचा फोन बंद आहे आणि तिसऱ्यांदा जबाब द्यायला मंगळवारी बोलावलंय. येताना व्हाउचरची रंगीत प्रत आणा, म्हणाले.