ओआरएसचं पाकीट: लिटरभर पाण्यापर्यंत पैकीच्या पैकी, पुढचं काम १०८चं

जुलाब-उलट्यांत अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायचं औषध म्हणजे ओआरएस. मेडिकलमध्ये नुसतं ‘ओआरएस द्या’ म्हटलं तर काउंटरवर तीन वेगळ्या वस्तू येऊ शकतात: पाण्यात कालवायची पूड, स्ट्रॉ खुपसून प्यायचं तयार खोकं, नाहीतर खेळाडूंसाठीची रंगीत बाटली. जुलाब-उलट्यांच्या पेशंटसाठी यातली फक्त पूड घ्यायची, आणि तीही पाकिटामागचे चार आकडे वाचून.

हे आकडे एका लिटरसाठी असे हवेत: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. बेरीज २०.५. स्वाद वगैरे धरून लिटरचं पाकीट २१-२२ ग्रॅमचं भरतं. आपल्याकडे ज्या नावाने सगळीच पाकिटं मागितली जातात ते इलेक्ट्रल याच सूत्राचं आहे. अंगणवाडीत, आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारं सरकारी पाकीटही याच सूत्राचं. फुकटचं म्हणजे कमअस्सल, असं मनात आणू नका. दुकानातल्या पाकिटात संत्र्याचा स्वाद जास्त असेल, औषध तेच.

हे सूत्र जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये ठरवलं. त्याआधीच्या पाकिटात मीठ आणि साखर दोन्ही जास्त होतं. ते कमी केल्यावर उलट्या आणि जुलाबाचं प्रमाण घटलं, सलाईन लावायची वेळही कमी येऊ लागली. यातली साखर ताकदीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. कॉलऱ्यातसुद्धा हे दार उघडं राहतं, म्हणून तर ही साधी पूड चालते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी पिंपात कालवलेलं असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. मेडिकलच्या फळीवर यापेक्षा खात्रीच्या वस्तू फारशा नाहीत.

साखर प्रमाणाबाहेर गेली की गणित उलटं फिरतं. दाट गोड पाणी आतड्यातच पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. तयार खोक्यांचा घोळ नेमका हाच होता. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं हा मुद्दा लावून धरला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला: जी पेयं मान्य सूत्राची नाहीत त्यांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं नकोत, मागेपुढे काही जोडूनही नकोत. नाव बदललं तरी खोकं तेच आणि फळांची चित्रंही तीच असू शकतात, तेव्हा मागची बाजू बघा. खऱ्या ओआरएसमध्ये १०० मिलीमागे १.३५ ग्रॅम ग्लुकोज असतं. तिथे ८ किंवा १० ग्रॅम साखर लिहिली असेल तर ते सरबत आहे. तहानेला प्या, जुलाबाच्या पोराला देऊ नका.

आता कालवण्याबद्दल, कारण चांगली वस्तू इथेच बिघडते. बाजारात दोन मापं आहेत: एका लिटरचं मोठं पाकीट आणि २०० मिलीचं, चार-साडेचार ग्रॅमचं छोटं. घाईत मोठं पाकीट २०० मिलीच्या एका पेल्यात रिकामं केलं जातं. तसं केलं तर त्या पेल्यातलं सोडियम लिटरला ३७५ मिलिमोल, म्हणजे हवं त्याच्या पाचपट होतं. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ४७० असतं. म्हणजे आधीच सुकलेल्या बाळाला आपण जवळजवळ समुद्र पाजतो. रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात, ते यामुळे. उलट टोक म्हणजे दोन लिटरच्या बाटलीत एक पाकीट, ‘जरा पातळ बरं’ म्हणून. त्यात मीठ अपुरं पडतं आणि नुसत्या पाण्याने रक्तातलं सोडियम आणखी उतरतं.

माप चुकू नये म्हणून साधा उपाय: प्रवासात मिळते ती एक लिटरची पाण्याची बाटली. घरातल्या तांब्याचा भरवसा नाही, कुठला पाऊण लिटरचा तर कुठला सव्वा. पाणी आधी उकळून गार करा, मग अख्खं पाकीट टाका आणि हलवा. पूड घातल्यावर पुन्हा उकळायचं नाही. दूध, सोडा, वरून साखर, काहीही मिसळायचं नाही. चाखून बघा: चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, त्याहून खारट लागलं तर फेकून द्या. कालवलेलं पाणी २४ तासांपर्यंत, झाकून. अर्धं पाकीट रबर लावून ठेवू नका, पूड ओल धरते. पाकिटातली पूड तपकिरी झाली असेल किंवा विरघळतच नसेल तर ते बाद.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट म्हणजे बोटाने कड पुसलेला. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे पाकीट मिळेपर्यंतच हे चालवायचं. सोबत मीठ घातलेली भाताची पेज किंवा ताक चांगलं. बाळाचं अंगावरचं दूध अजिबात तोडायचं नाही.

किती द्यायचं? पेशंट हुशार आहे, नीट पितो आहे, तर प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली, मोठ्यांनी हवं तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू, यावेळी चमच्याने आणि सावकाश. ‘पोटात टिकतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा पेला तोंडाला लावल्यामुळे असते. सोबत जुलाबाच्या मुलाला १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०.

मूल चिडचिडं झालं, डोळे ओढल्यासारखे दिसू लागले, पाणी दिसलं की झडप घालतं, तर सुकणं, म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं, सुरू झालं आहे. तेव्हा वजनाच्या किलोमागे ७५ मिली, चार तासांत, आणि तेही आरोग्य केंद्रात कुणाच्या नजरेखाली झालं तर उत्तम. १० किलोच्या पोराला ७५० मिली होतात. ५ मिलीच्या चमच्याने हिशेब केला तर तासाला ३७ चमचे, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. हे काम एकट्या आईने चार तास करायचं नसतं. घरात जी चार माणसं ‘काय झालं, काय झालं’ करत उभी असतात त्यांच्या पाळ्या लावा.

इथवर पाकिटाला पैकीच्या पैकी गुण. पुढे मात्र त्याची हद्द येते, आणि ही हद्द पाकिटावर ठळक छापलेली नसते. तक्रार आहे ती हीच.

गंभीर सुकण्याच्या चार खुणा डॉक्टर बघतात: मूल मलूल किंवा बेशुद्ध, डोळे खोल गेलेले, पिता येत नाही किंवा पाणी तोंडातून ओघळतं, आणि चिमटीतली कातडी फार हळू परतते. चारपैकी दोन असल्या की गंभीर. घरी मात्र पहिली किंवा तिसरी, कुठलीही एक दिसली तरी दुसरीची वाट बघायची नाही. सगळ्यांत फसवी खूण म्हणजे शांतता. दुपारभर किरकिर करणारं, पाण्यासाठी हात पुढे करणारं पोर अचानक गप्प होतं आणि घरचे म्हणतात, बरं झालं, जरा झोप लागली. हाक मारा, तळव्याला टिचकी द्या. डोळे उघडून नजर धरत नसेल तर ती झोप नव्हे.

चिमटीची परीक्षा बहुतेक जण मनगटावर किंवा गालावर करतात, ते चूक. मुलाला उताणं निजवा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीच्या पेरांनी, नखांनी नव्हे, कातडीची उभी घडी धरा, म्हणजे घडी डोक्याकडून पायाकडे जाणारी. एक सेकंद धरून सोडा. निरोगी पोराची घडी डोळ्याला दिसतही नाही, लगेच सपाट. दोन सेकंद किंवा जास्त उभी राहिली तर काम हाताबाहेर चाललं आहे. अगदी हडकुळ्या, कुपोषित मुलाची कातडी एरवीही हळू परतते, आणि गुटगुटीत बाळाची सुकल्यावरही पटकन परतते, म्हणून एका चिमटीवर निकाल देऊ नका. सोबत बघा: सहा तासांत लंगोट ओला झाला का, रडताना अश्रू येतात का, हातपाय गार पडलेत का. तान्ह्याची टाळू खोल गेली असेल तर तेलाने टाळू भरत बसायची ती वेळ नव्हे.

म्हाताऱ्या माणसांना चिमटीची परीक्षा लागूच करू नका, त्यांची कातडी तशीच सैल असते. तिथे जीभ कोरडी ठक्क, उठून उभं राहताच अंधारी, बोलण्यात असंबद्धपणा, आठ तास लघवी नाही, या खुणा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर ती आज घ्यायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला ओआरएस किती, हेही त्यांनाच विचारायचं. मधुमेह आहे म्हणून ओआरएस नाकारू नका, जुलाबात ते लागतंच. फक्त साखर तपासत राहा.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब दिसले तर खुणा मोजत बसू नका. कॉलऱ्यात मोठा माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो, सकाळी चालता-बोलता असलेला दुपारी नाडी न लागण्याइतका खचतो. शौचात रक्त, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, दोन महिन्यांखालचं बाळ: हे सगळे थेट दवाखान्याचे पेशंट.

गंभीर अवस्थेत तोंडाने का भागत नाही, याचंही गणित आहे. त्याच १० किलोच्या, वर्षावरच्या मुलाला शिरेतून पहिल्या अर्ध्या तासात ३०० मिली आणि पुढच्या अडीच तासांत ७०० मिली द्यावं लागतं. वर्षाखाली हेच सावकाश, पहिला टप्पा एका तासात आणि दुसरा पाच तासांत. ३०० मिली म्हणजे ६० चमचे, मिनिटाला दोन, आणि तेही ज्याला गिळता येत नाही त्याच्या घशात. ते पोटात जाणार नाही, श्वासनलिकेत जाईल.

म्हणून पाकिटापुढची सेवा, १०८ नंबरची रुग्णवाहिका. महाराष्ट्रात ती २०१४ पासून आहे. सुरुवात ९३७ गाड्यांनी झाली, त्यातल्या २३३ प्रगत सोयींच्या आणि ७०४ साध्या, पण डॉक्टर दोन्हींत. पैसे लागत नाहीत. फोन पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात लागतो, हे लक्षात ठेवून बोला: जिल्हा आणि तालुका आधी, गाव नंतर. वडगाव आणि पिंपळगाव जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मग वय, ‘जुलाब इतक्या तासांपासून, पीत नाही, हाकेला ओ देत नाही’, एवढंच. त्यांना पत्ता नीट समजेपर्यंत फोन ठेवू नका, नंतरही आपल्या त्या फोनवर दुसऱ्या कुणाशी बोलत बसू नका, आणि एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा. घाटातल्या वाडीत गाडीला वेळ लागणारच, त्यासाठी फोन लवकर करायचा. जीप दारात उभी असेल आणि आरोग्य केंद्र पंधरा मिनिटांवर असेल तर थांबू नका, फोनवरूनच विचारून निघा. वाटेत पेशंट शुद्धीवर असून गिळत असेल तर घोट-घोट ओआरएस चालू ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नको, कुशीवर निजवा.

दवाखान्यात पोचल्यावर ‘सलाईन लावा’ एवढं म्हणून भागत नाही. गंभीर सुकण्यात आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, पहिली पसंती. ते नसेल तर नॉर्मल सलाईन. नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीत मीठ नसतं, ती इथे कामाची नाही. अर्ध्या तासाच्या अंतरात कुठेच शीर लावायची सोय नसेल तर नाकातून नळी घालून ओआरएस देता येतं, किलोमागे तासाला २० मिली, सहा तास. आरोग्य केंद्रात नळी घालणारं कुणी आहे का, हे विचारायला संकोच नको. उलट, नीट पिणाऱ्या माणसाला ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून बाटली लावून घेणं म्हणजे पैसे आणि शीर दोन्ही वाया.

उन्हाळ्यातला एक अपवाद. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात अंग ४० अंशांवर तापलं आणि माणूस बरळू लागला तर तो उष्माघात. तिथे ओआरएसची बाटली बाजूला ठेवा, १०८ लावा, सावलीत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ. पिणं शुद्ध पूर्ण आल्यावरच.

तेव्हा पावसाळ्याआधी लिटरची चार पाकिटं घ्या, एक्सपायरी बघून. बऱ्याच पाकिटांवरची माहिती बारीक इंग्रजीत असते आणि ती रात्री दोन वाजता आजीला वाचता येत नाही. म्हणून प्रत्येकावर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘१ लिटर पाणी, अख्खं पाकीट. पीत नाही किंवा हाकेला ओ नाही: १०८.’