बासष्ट जंगलपट, एक प्रोजेक्टर आणि आमची गच्ची : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या ऑक्टोबरात एका मित्राची पुण्याला बदली झाली. सामान आवरता आवरता त्यानं माझ्या हातावर एक हार्ड डिस्क ठेवली आणि म्हणाला, "घे भाऊ, सगळे जंगलचे पिक्चर आहेत. एकाहून एक भंगार." घरी येऊन मोजले तर बासष्ट. टारझन, त्याचे देशी-परदेशी चुलतभाऊ, गोरिले, नरभक्षक, चित्त्याच्या कातड्यातल्या राण्या. त्याच दिवाळीत सेलमधून साडेसहा हजारांचा एक छोटा प्रोजेक्टर घेतला आणि तेव्हापासून मे संपेपर्यंत जवळजवळ दर शनिवारी रात्री नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर, हा माल चालला. एकेचाळीस पूर्ण बघितले, बारा अर्ध्यात सोडले, उरलेले उघडलेच नाहीत.

आधी प्रोजेक्टरचं उरकून टाकतो. खोक्यावर 'फुल एचडी' लिहिलं होतं. त्याचा अर्थ एवढाच निघाला की तो फुल एचडी फाईल आत घेतो. भिंतीवर काय पाडतो ते विचारायचं नाही. पंखा पिठाच्या गिरणीसारखा. स्पीकर नसल्यातच जमा, वेगळा लावावा लागला. कंपनीला दोनदा मेल केला, दोन्ही वेळा आभार मानणारं उत्तर आलं. पण खरं सांगू का, या पिक्चरांना तो शोभतो. 1940 च्या दशकातली खरवडलेली प्रिंट घरच्या मोठ्या टीव्हीवर लावून बघितली, तर गोरिल्याच्या पाठीची चेन स्पष्ट दिसली आणि सगळी मजा गेली. गच्चीवर ती चेन दिसते न दिसते एवढीच दिसते, आणि त्यावरून वाद घालता येतो.

आता मुख्य माल. आमच्या घरी तो बघण्यात एक अडचण होती, तीच पुढे सगळ्यात मोठी करमणूक झाली. बाबा वनखात्यातून निवृत्त. उभी नोकरी पेंचच्या जंगलाच्या बाजूला गेली. पहिल्या शनिवारी ते सहज खुर्ची टाकून बसले. पडद्यावर मध्यरात्रीचं आफ्रिकन जंगल, आणि झाडीतून कोणी वेडा माणूस खदाखदा हसावा तसा आवाज. बाबा म्हणाले, "हा कोणता पक्षी हाय? मी तर आयुष्यात नाही ऐकला." शोधलं तर तो कुकाबुरा निघाला. राहणार ऑस्ट्रेलियाचा, पण हॉलिवूडनं जंगलाचा आवाज म्हणून त्याला आफ्रिकेपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत सगळीकडे नोकरी दिली. त्या रात्रीनंतर नियमच झाला : कुकाबुरा ओरडला की ज्याच्या कानावर आधी पडेल त्यानं हात वर करायचा, बाकीच्यांनी त्याला चिवड्याची मूठ द्यायची. बाबा अजून अजिंक्य आहेत.

हत्तीही त्यांनीच पकडला. जॉनी वाइसमुलर, ऑलिम्पिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदकं मिळवलेला गडी, 1932 साली टारझन झाला. त्या पिक्चरमधल्या हत्तींकडे बघून बाबा पुढे सरकले. "थांबव, थांबव. याचे कान पाह." मी पॉज केलं. हत्ती आपल्याकडचा, आणि आफ्रिकन वाटावा म्हणून त्याला वरून मोठाले खोटे कान लावलेले. शिकवलेले हत्ती आशियाई मिळायचे, आफ्रिकन मिळायचे नाहीत, म्हणून हा उद्योग. मला गंमत वाटली ती हत्तीच्या चेहऱ्याची. लग्नाच्या वरातीत भाड्याचा फेटा बांधून उभ्या असलेल्या काकासारखा तो शांत उभा होता.

बाबांची तिसरी हरकत मात्र जास्त खोलातली होती. "वाघ आला आन् एक वानर धोक्याचा कॉल देत नाही? चितळ नाही, मोर नाही. असं जंगल नसते." ज्यांनी पेंचच्या सिल्लारी गेटमधून पहाटेची सफारी केली आहे त्यांना हे पटेल. तीन-साडेतीन तास जिप्सीत अंग खिळखिळं करून घ्यायचं, थंडीनं नाक गळायला लागतं, आणि दिसतं काय, तर सागाची पानं आणि रस्त्यावरचा सकाळचा पगमार्क, म्हणजे वाघाच्या पंजाचा ठसा. इथे नायिका घोडचूक करून छावणीबाहेर पडली की दोन मिनिटांत सिंह, मगर, अजगर आणि गोरिला रांगेत हजर. सिंह मुळात गवताळ माळरानाचा, पण त्याला कोण विचारतो. वाघाचीही हीच कथा. 1912 साली टारझनची कथा मासिकात आली तेव्हा एडगर राइस बरोज यांनी आफ्रिकेच्या जंगलात चक्क वाघ सोडला होता, पुस्तकात त्याची सिंहीण करावी लागली. म्हणजे खोड मुळातलीच.

हे पिक्चर असे का, याचं सरळ कारण हिशेबात आहे. अमेरिकेत 1930 च्या मंदीत थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन पिक्चर द्यायला सुरुवात केली. पहिला मोठ्या नटांचा, दुसरा जोडीला. दुसऱ्याचे पैसे ठरावीक मिळायचे, तो चांगला असो की टुकार. मग कोण कशाला खर्च करतो? बी-ग्रेड हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, तो असा मेनूतल्या दुसऱ्या भाजीवरून आलेला आहे. आणि स्वस्तात दूरदेश दाखवायचा तर जंगल सगळ्यात परवडणारं. सेट नको, कपडे नकोत, लॉस एंजेलिसजवळची एखादी झाडीभरली बाग पुरते, आणि प्राणी दुसऱ्या कोणी आधीच शूट करून ठेवलेले असतात.

या शेवटच्या गोष्टीचा कळस म्हणजे 1945 चा 'द व्हाइट गोरिला'. आमच्या गच्चीवर हा तीनदा लागला. निर्मात्यांकडे 1927 ची एक जुनी मूक मालिका पडून होती. तिची रिळं वापरायची, आणि मधे मधे नवीन शूटिंग जोडायचं, असा बेत. पण जुन्या रिळांतली माणसं वेगळी, नवीन नायक वेगळा, त्यांची भेट घडवणार कशी? उपाय असा : नायक झाडामागे उभा राहतो, फांदी बाजूला करतो आणि बघतो. कट. जुन्या रिळात माणसं दुप्पट वेगानं पळतायत, सिंह येतायत, लोक झाडावर चढतायत. कट. नायक बघतोय. तो मदतीला का जात नाही, याची कारणं तो स्वतःच निवेदनात सांगत राहतो. बायको म्हणाली, "हा आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा आहे. सगळं बघतो, खाली कधी येत नाही." नायक म्हणजे रे कॉरिगन, आणि पांढऱ्या गोरिल्याच्या कातड्यातही तोच. हे कळल्यावर दुसऱ्यांदा बघताना आम्ही फक्त एकच गोष्ट बघत होतो : दोघं एका चौकटीत कधी येतात.

इथे माझं मत बनत गेलं. वाईट पिक्चर खूप असतात, बहुतेक नुसतेच वाईट असतात. ज्यावर आठ महिन्यांनीही हसू येतं, त्यात कुणीतरी खिशात दमडी नसताना मनापासून जुगाड केलेला असतो आणि तो जुगाड आपल्याला दिसतो. डिस्कवर तीन-चार अलीकडचेही होते, मुद्दाम वाईट बनवलेले, नटांना माहीत आहे की आपण विनोद करतोय. ते वीस मिनिटांत बंद केले. स्वतःच्याच विनोदावर आधी हसणाऱ्या पाहुण्यासारखे. आणि नुसता पैसा असूनही भागत नाही. 1984 च्या 'शीना'ला भरपूर बजेट होतं, शूटिंग खऱ्या केनियात, आणि तरी नायिका ज्या झेब्र्यावर बसते तो पट्टे रंगवलेला घोडा. पिक्चर कंटाळवाणा, पण घोड्यासाठी माझ्याकडून पूर्ण गुण.

देशी विभागात निर्माते-दिग्दर्शक होमी वाडियांना तोड नाही. 1937 चा 'तूफानी टारझन', त्यात व्यायामपटू जॉन कावस. मग 1958 चा 'झिंबो', त्यात नायक आझाद नावाचा नट, पुढे 1960 साली झिंबो शहरात आला आणि 1966 साली त्याला मुलगाही सापडला. यातली मारामारी अजून अंगावर येते, कारण उडी मारणारा माणूस खरंच उडी मारतो. 1965 साली टारझन दिल्लीतही येऊन गेला, तेव्हा तो दारा सिंग होता. 1985 चा बी. सुभाष यांचा टारझन, हेमंत बिर्जे आणि किमी काटकर, बप्पी लाहिरींचं संगीत, हा आमच्या पिढीत चोरून बघायचा पिक्चर. आई गच्चीवर आली म्हणून मी रिमोट शोधायला लागलो तर ती म्हणाली, "राहू दे, आम्ही टॉकीजमध्ये पाह्यला हाय." बाबा एकदम चिवड्यात रमले.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंटाळा येतो, हे घेणाऱ्यानं धरून चालावं. तोच धबधबा, तीच दलदल, तोच नकाशा. मार्चपासून कूलर वर आणला, तर कूलर आणि धबधबा यांचे आवाज वेगळे ओळखू येईनात. तेव्हा दोन आठवडे सुट्टी घेतली.

त्याच सुमारास ऑफिसातला एक मित्र आला होता, देवलापारकडचा, गोंड. पडद्यावर नेहमीचं चाललं होतं : डोक्यात पिसं खोचलेले, अंगाला काळं फासलेले लोक आगीभोवती नाचतायत, मधे मोठी कढई, कढईत गोरा साहेब. आम्ही सवयीनं हसत होतो. तोही हसला. मग म्हणाला, "पाहुणा आला तं आमच्याकडे आधी चहा ठेवतेत ना बे." थोड्या वेळानं, पिक्चर चालू असतानाच, "लहानपणी नागपुरात शिकायला आलो, तवा पोट्टे मले पाहून असंच हू हू करत." एवढंच बोलला, आणि पोह्यांवर तर्री घ्यायला उठला. मी तो पिक्चर बंद केला नाही, करायला हवा होता. पण कढईचे प्रसंग आता पुढे ढकलतो, आणि खोट्या कानांच्या हत्तीवर येतं तसं हसू त्यांवर येत नाही. हत्तीत फसवणूक हत्तीची नाही, आपली असते.

त्याच डिस्कवर 1930 चा 'इंगागी' होता. काँगोतली खरी मोहीम म्हणून अमेरिकेत विकला, गोरिल्यांना बायका वाहिल्या जातात असं दाखवलं, पैसा तुफान मिळाला. प्रत्यक्षात जुन्या माहितीपटाची रिळं, लॉस एंजेलिसमधलं शूटिंग, गोरिला म्हणजे चार्ल्स गेमोरा नावाचा कातडं पांघरलेला नट. एका कासवाला पंख आणि खवले चिकटवून नवाच विषारी प्राणी सापडल्याचंही सांगितलं होतं. 1933 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी आयोगानं याला खरा म्हणायला बंदी केली. कासवावर बाबा पाच मिनिटं हसले, गोरिल्याच्या भागात उठून खाली गेले.

इटालियन नरभक्षकपटांबद्दल एकच सांगतो : घेऊ नका. 1980 च्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'च्या दिग्दर्शकाला आपले नट जिवंत आहेत हे कोर्टात सिद्ध करावं लागलं, ही गोष्ट लोक चवीनं सांगतात. नट जिवंत होते. पण कॅमेऱ्यासमोर मारलेलं कासव आणि माकडं खरी होती. ते सोळाव्या मिनिटाला डिलीट केलं, रिसायकल बिनमधूनही.

घ्यायचंच असेल तर एकट्यानं बघू नका, चार माणसं हवीत आणि त्यात एक जंगलातलं कळणारा. तास-सव्वा तासाहून लांब काही लावू नका. पोरांना झिंबो आवडतो. भुवया कोरलेल्या जंगलकन्येचा विषय निघाला की बायकांकडे बोलणं सोपवून शांत बसा.

प्रोजेक्टरचा दिवा मे महिन्यात पिवळा पडला, सांभाळून वापरला तरी. अडीच हजारांना कोणी घेत असेल तर देतो. हार्ड डिस्क द्यायची नाही. पाऊस लागायच्या आत एकदा तो 1932 चा लाव, असं बाबांनी कालच सांगितलंय, डाव्या कानाची शिवण त्यांना नीट बघायची आहे.